उत्तर त्याच चालीत

कविता वाचून संपते आणि दाद यायला अजून अवकाश असतो, त्या मधल्या निमिषात कवी कुठे पाहतो हे मी पुष्कळ वर्षं निरखत आले आहे. हातातला कागद थरथरत असतो, शेवटच्या ओळीतला शेवटचा स्वर पंख्याच्या वाऱ्यावर अजून तरंगत असतो, पुढच्या रांगेतल्या मावशींनी टाळीसाठी हात उचललेले असतात, कुणी खोकला दाबून धरलेला असतो, आणि कवीची नजर या सगळ्यांना ओलांडून, सतरंजी ओलांडून, चपलांचा ढीग ओलांडून खिडकीजवळच्या त्या एका खुर्चीवर जाऊन थांबते, जिथे त्याच्याशी अबोला धरलेला दुसरा कवी बसलेला असतो. त्याची मान हलली का?

बाकी सगळं नंतर.

आमच्या तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर दर महिन्याला काव्यकट्टा भरतो. पावसाळ्यात भिंतींना ओल चढते आणि जुन्या बांधणीच्या पुस्तकांचा तो गोडसर, कुबट, डिंकाचा वास चहाच्या वाफेत मिसळून जातो. उन्हाळ्यात छपराच्या काचेतून उन्हाचा एक चौकोन आत उतरतो आणि वाचणाऱ्याच्या खांद्यावरून सरकत सरकत ऐकणाऱ्यांच्या पायांशी जातो. जिन्यावरून डोकावणाऱ्याला वाटावं, किती शांत माणसं ही. आत मात्र रागालोभाचे केवढे पीळ! वृत्तात लिहिणाऱ्यांना मुक्तछंदवाल्यांनी कष्ट टाळल्यासारखे वाटतात, मुक्तछंदवाल्यांना वृत्तवाले आपल्या काळाकडे पाठ करून बसल्यासारखे वाटतात, आणि गझलवाल्यांची पंगत वेगळीच, त्या पंगतीतही दोन तट. मतल्यात ‘विसरले’ आणि ‘उतरले’ बांधले आणि पुढच्या शेरात ‘पुकारले’ आलं, की कोपऱ्यातून आवाज येतोच, “अलामत गेली.” ‘र’च्या आधीचा तो एवढासा ‘अ’. त्याच्या जागी ‘आ’ आला म्हणून जुने स्नेही एकमेकांच्या घरची पायरी चढेनासे झालेले मी पाहिले आहेत.

लोकांना याचं हसू येतं. मला कधीच आलं नाही. बांधाच्या वीतभर मातीसाठी भाऊ भावाच्या अंगावर धावून जातो त्याच गावात एका स्वरासाठी जीव दुखावून घेणारी माणसंही राहतात, याचा मला फार आधार वाटतो.

त्यातलं एक भांडण माझ्या कानात अजून ताजं आहे. आमच्यात एक गुरुजी आहेत. हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, धोतर नेसणारे, कविता वाचताना डोळे मिटून घेणारे. आणि एक तरुण आहे, एसटीच्या डेपोत नोकरीला. ड्यूटी संपवून येतो, खाकी शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद असतो. त्या संध्याकाळी त्याने भुजंगप्रयातात कविता वाचली, मनाच्या श्लोकांमुळे मराठी घराघरांत रुजलेल्या वृत्तात. लगागा, लगागा, लगागा, लगागा. पहिलाच शब्द होता ‘तुझ्या’. गुरुजींनी डोळे उघडले.

“थांब बाळ. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. तुझा ‘तु’ लघू नाही. पहिल्याच पावलाला ठेच लागली.”

“गुरुजी, संस्कृतात लागत असेल. मराठीत ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर आघात येतो का? तुम्हीच म्हणून बघा ना.”

“नियम जिभेला विचारून ठरत नाहीत.”

“मग कुणाला विचारून ठरतात?”

गुरुजी काही बोलले नाहीत, पण त्यांचे ओठ हलत होते. तुझ्या. तुझ्या. तुझ्या. माडीवरचे सगळे गप्प होते आणि त्या शांततेत एक म्हातारा माणूस एक शब्द पुन्हा पुन्हा जिभेवर ठेवून पाहत होता, जन्मभर वापरलेला, जन्मभर न ऐकलेला. मग ते उठले, छत्री घेतली आणि जिना उतरून गेले. पुढे काही महिने आलेच नाहीत. लोक तरुणाला उद्धट म्हणाले. तोही खाली मान घालून बसायचा, कविता वाचायचा नाही.

गुरुजी परत आले ते एक कविता घेऊन. वृत्त तेच, भुजंगप्रयात. कविता त्यांच्या बायकोवर होती, त्या काकू जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. गुरुजींचा आवाज नेहमीसारखाच, डोळे मिटलेले. त्या ओळी माझ्यापाशी नाहीत, त्यांनी कागद कुणाला दिला नाही. पण कवितेतून चालत गेलेली काकू मला आठवते. तुळशीपाशी वाकलेली, पदराला हात पुसणारी, दाराच्या चौकटीत उजेडाकडे पाठ करून उभी. लोकांचे डोळे भरले, टाळ्या झाल्या, मावशींनी पदर नाकाला लावला. त्या तरुणाने टाळी वाजवली नाही. तो गुरुजींकडे बघत राहिला होता आणि त्याचा चेहरा असा उतरला होता, जणू घरचंच कुणी गेल्याची खबर त्याला आता मिळाली आहे.

जिना उतरताना तो माझ्याजवळ हळूच म्हणाला, “ताई, तुमच्या लक्षात आलं? अख्ख्या कवितेत एकदासुद्धा ‘तुझ्या’ नाही.”

खरंच नव्हतं. ‘तुझा हात’ होता, ‘तुझ्या हातात’ काही नव्हतं. ‘तुझी सावली’ अंगणात पडलेली होती, पण त्या सावलीत कुणी जाऊन बसलं नव्हतं. ‘तुझे डोळे’ होते आणि त्या डोळ्यांपुढे कुणी उभं नव्हतं. ‘तु’ लघू धरावा तर हट्ट मोडतो, गुरू धरावा तर आता आपलाच कान तो घेत नाही, अशा पेचात सापडलेल्या माणसाने तो शब्दच ओवून घ्यायचा टाळला होता, आणि टाळता टाळता त्याच्या नकळत एक वेगळीच कविता लिहून झाली होती: सगळं दिसतं आहे आणि कशालाही हात पोचत नाही, अशी. विधुराची कविता याहून खरी काय असणार?

आम्ही सगळे रडलो होतो. ऐकलं मात्र एकानेच.

तेव्हापासून मला कवींच्या वैराविषयी वेगळं वाटू लागलं. प्रेमाने ऐकणारा माणूस कवितेतून कवीकडे जातो, त्याला चुका दिसत नाहीत आणि पुष्कळदा कविताही दिसत नाही. वैरी कुठेच जात नाही. तो ओळीपाशी थांबतो. मात्रा मोजतो, श्वास कुठे तुटला ते बघतो, कुठला शब्द केवळ यमकासाठी आणला, कुठला पोटातून आला, याचा माग काढत राहतो. ज्याच्यावर मात करायची त्याला आधी पाठ करावं लागतं.

आपल्याकडे हे जुनं आहे. पेशवाईच्या अखेरच्या पुण्यात होनाजी गवळी आणि सगनभाऊ शिकलगार यांच्या फडांची चढाओढ चाले. शाहिरांमध्ये कलगी आणि तुरा असे दोन पक्षच होते. कलगीवाले म्हणत शक्ती मोठी, तुरेवाले म्हणत शिव मोठा. प्रकृती थोर की पुरुष थोर, हा दर्शनकारांचा वाद डफ-तुणतुण्यावर चढून गावोगावच्या पारावर आला आणि रात्ररात्र चालला. एका बाजूने भेदिक घालायचं, म्हणजे कूट प्रश्न कवनात बांधून टाकायचा, आणि समोरच्याने तो कवनातच सोडवायचा. मला त्यात एक गोष्ट विलक्षण वाटते. उत्तर द्यायचं ते गाऊन, जमलं तर त्याच चालीत. रागाने उठून जायची सोय नाही. अंगात संताप कितीही उसळू दे, तो आधी तालात बसवावा लागे, ढोलकीची थाप चुकवून त्याला बाहेर पडता येत नसे, आणि तालात बसता बसता त्यातला विखार गळून धार तेवढी उरत असे. कोकणात ही परंपरा शक्ती-तुरा म्हणून अजून जिवंत आहे. परळच्या दामोदर नाट्यगृहात चाकरमान्यांच्या गर्दीत शक्ती-तुऱ्याचे सामने वर्षानुवर्षं रंगले. एकमेकांना टोमण्यांनी बेजार करणारे शाहीर मध्यरात्री चहाच्या गाडीवर शेजारी उभे असतात. घाम दोघांच्याही कपाळावर सारखाच चमकत असतो.

आणि त्याच पेशवाईत याच्या अगदी उलटही घडलं. बारामतीचे मोरोपंत पंडित, सोलापूरचा रामजोशी शाहीर. एकाच्या ओसरीवर शास्त्रीबुवा, दुसऱ्याच्या पुढे तमाशाचा फड. पुढे हाच रामजोशी कीर्तनाला उभा राहिला आणि त्याने मोरोपंतांच्या आर्या आपल्या गळ्यातून लोकांपर्यंत नेल्या. पंतांची कविता पोथीतून उठून माणसांच्या कानांत गेली, त्यात या शाहिराचा वाटा मोठा आहे.

रविकिरण मंडळाची गोष्ट निघाली की मला पुण्याचं पावसाळी सकाळचं ऊन दिसतं. 1923 साली माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश आणि त्यांचे स्नेही एकत्र आले. रविवारी चहाला जमायचं, कविता वाचायच्या, एकमेकांच्या कविता तासायच्या. मनोरमाबाई रानडे त्यांच्यात होत्या, म्हणून लोकांनी त्यांना सप्तर्षी आणि अरुंधती म्हटलं. त्यांनी कविता गाऊन दाखवायची रीत पाडली. शहरोशहरी लोक ऐकायला लोटले. आणि अगदी त्याच पुण्यात, त्याच हवेत, एक शाळामास्तर त्यांचं सगळं ऐकत होता. केशवकुमार या नावाने त्याने 1925 मध्ये ‘झेंडूची फुले’ काढली आणि कवींच्या विरहाची, त्यांच्या लाडक्या शब्दांची, त्यांच्या उसाशांची अशी टिंगल केली की महाराष्ट्र खदखदून हसला. तो मास्तर म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. पुढे माधव ज्यूलियन आणि यशवंत वाचून झाल्यावर ते पुन्हा हाती घेतलं, आणि हसू थांबलं. कारण विडंबन लिहायला कान लागतो. दुसऱ्याचं वृत्त आपल्या नाडीत उतरवून घ्यावं लागतं, तो कुठे वळतो, कुठे रेंगाळतो, कुठल्या शब्दावर त्याचा जीव आहे, हे त्याच्याइतकंच आपल्यालाही ठाऊक असावं लागतं. रविकिरण मंडळाला मिळालेल्या वाचकांत अत्र्यांसारखा बारकाईने वाचणारा दुसरा कोण होता? आमच्या वाचनालयात ही पुस्तकं एकाच कपाटात आहेत. वाळवीने सगळ्यांना सारखंच धरलं आहे.

माधव ज्यूलियनांपाशी मी जरा जास्त रेंगाळते. फार्सी त्यांच्या रक्तात भिनली होती. फार्शी-मराठी कोश त्यांनी केला, गझल मराठीत आणली, फार्सी वृत्तांना मराठी नावं देऊन आपल्या घरात वागवलं. आणि हाच माणूस 1938 साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहितो, परकी शब्द मराठीतून काढा म्हणतो. मी त्यांच्या पानांवरून हात फिरवताना नेहमी त्या रात्रींचा विचार करते. दिव्याखाली बसलेला एक कृश, हट्टी, अतिशय हळवा माणूस, तरुणपणी ज्या शब्दांवर भाळला त्यांनाच एकेक करून निरोप देतो आहे. पुढच्याच वर्षी, 1939 मध्ये, ते गेले. त्यांच्याशी पुढच्या गझलकारांनीही वाद घातला. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, तंत्र काटेकोर केलं, आणि ज्यूलियनांच्या रचनांना गझल म्हणावं का, इथपर्यंत प्रश्न गेला. पण ज्यूलियनांना सर्वांत कठोर विरोधक भेटला तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच टाकाखाली.

सगळी भांडणं अशी उजळ नसतात, हे मी डोळ्यांआड करत नाही. कवितेबाहेर पडलेलं भांडण फार लवकर कुजतं. निमंत्रणपत्रिकेवर नाव कितव्या ओळीत, शेवटी कोण वाचणार, दिवाळी अंकात कुणाला पान आणि कुणाला चौकट, शाल कुणाच्या खांद्यावर. साहित्य संमेलनात निमंत्रितांचं कविसंमेलन मुख्य मंडपात भरतं आणि कविकट्ट्यावर दूरदूरच्या गावांतून आलेली माणसं आपला क्रमांक कधी येतो याची वाट पाहत बसलेली असतात, मांडीवर पिशवी, पिशवीत वही, वहीत खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते ताटकळणं मला मंडपातल्या दिव्यांपेक्षा जास्त आठवतं. हेवा तिथे जन्मतो. त्याला मी दोष देऊ शकत नाही.

पण आमच्या माडीवर एक मुलगी यायची, कॉलेजात शिकणारी. पहिल्यांदाच वाचायला उभी राहिली, आवाज घशात अडकत होता, कविता आजीच्या गोधडीवर होती. संपल्यावर कुणी जाणकार म्हणाले, “ही कविता नव्हे, ही रोजनिशी झाली.” तिने कागदाची घडी घातली, त्या घडीची घडी, पुन्हा तिची घडी, नखाने दाबून दाबून, कागद बोटाच्या पेराएवढा होईपर्यंत. पुन्हा ती आली नाही. जाणकारांनी तिला ओळ दिली नाही, प्रश्न दिला नाही, चाल दिली नाही. नुसता निकाल दिला.

1907 साली जळगावच्या कविसंमेलनात एक पोरसवदा मुलगा उभा राहिला होता, त्र्यंबक ठोंबरे नावाचा. अध्यक्ष कीर्तिकर त्याला बालकवी म्हणाले, आणि ते नाव घेऊन तो मुलगा मराठीच्या रानावनांत शिरला. तिथेही एखाद्याने घडी घालायला लावली असती तर?

आणि एका ठिकाणी माझी ही चालीची गोष्ट अडते. 1969 साली मुंबईत लघुअनियतकालिकांतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, राजा ढाले त्यांच्यात पुढे होते. कागद जळतानाचा तो वास मी कल्पनेत घेते तेव्हा पहिल्यांदा माझा जीव कासावीस होतो, कारण त्या मासिकाने मराठी कवितेला जपलं होतं, घडवलं होतं. मग वाटतं, ज्यांना उभं राहायला जमीनच दिली गेली नव्हती, त्यांना त्याच जमिनीत उत्तर द्या असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? ज्या उंबऱ्यावर मन अडकलेलं असतं, त्याच उंबऱ्याशी माणूस एवढा पेटतो. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि मराठी कवितेच्या कानाला कधी न लागलेले आवाज लागले. ढसाळांची ती कविता कुणाच्या चालीत नव्हती. चाल मोडून दिलेलं उत्तर होतं ते. पण कवितेनेच दिलेलं होतं, आणि म्हणून होळीच्या राखेपेक्षा ते जास्त दिवस ऊब देत राहिलं. ‘सत्यकथा’ 1982 साली बंद पडलं. आज दोन्ही बाजूंचं चांगलं तेवढं आपण एकाच श्वासात वाचतो.

परवा त्या डेपोतल्या तरुणाची बदली झाली. निरोपाच्या दिवशी गुरुजींनी त्याला काही दिलं नाही, भाषण केलं नाही. फक्त म्हणाले, “आता माझ्या चुका कोण काढणार?” तो त्यांच्या पाया पडला. त्याला उठवताना गुरुजींचा हात त्याच्या खाकी खांद्यावर बराच वेळ राहिला. खाली एसटीचा भोंगा वाजत होता. ‘तु’ लघू की गुरू, यावर दोघांचं एकमत शेवटपर्यंत झालं नाही.

तेव्हा एक मागणं आहे. तुमच्या गावच्या कट्ट्यावर दोन कवी एकमेकांशी बोलेनासे झाले, तर समेटाला धावू नका, चहाला बोलावून हात मिळवायला लावू नका, कोण बरोबर ते ठरवायला तर मुळीच बसू नका. तरही मुशायऱ्यात सगळ्यांना देतात तशी दोघांना एकच ओळ द्या. एकच वृत्त, एकच रदीफ, एक महिन्याची मुदत. आणि ती नवी पोर कोपऱ्यात बसली असेल, तर ओळ तिलाही द्या. मग त्या संध्याकाळी वेळेवर या आणि तिघांचंही शेवटपर्यंत ऐका.